पहिला रेग्युलेटर घेताना आधी मेकॅनिक शोधा

स्कूबा डायव्हिंगसाठी घेतलेला, सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारा माझा पहिला रेग्युलेटर दोन पावसाळे कपाटात पडून होता. सिंगापूरहून येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून तो आला, इथल्यापेक्षा बराच स्वस्त पडला आणि वर्षभर मी तो हौसेने मिरवला. मग एका सकाळी तारकर्लीत सिलिंडर उघडला आणि तोंडात धरायच्या भागातून बारीक फुसफुस सुरू झाली, ती थांबेचना. बोटीवरच्या मालवणी इन्स्ट्रक्टरने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत देत म्हणाला, "रेग्युलेटर बरो आसा, पण तो उघडतलो कोण?"

उघडायला तयार असलेले दोघं भेटले, पण त्या मॉडेलचे सुटे भाग दोघांकडेही नव्हते. आतली एक रबरी चकती बदलायला अख्खा सेट परदेशी पाठवायचा, तर जाण्यायेण्याच्या खर्चात थोडी भर घालून नवा आला असता. नवाच घेतला. या खेपेला मात्र आधी माणूस शोधला, मग कंपनी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत, त्यामुळे 'कोणती कंपनी चांगली' हा प्रश्न तुम्हाला इथे पहिल्या ओळीत सापडणार नाही.

मुळात घ्यायचा आहे का?

मालवणला किल्ल्याच्या आसपास किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पर्यटकांना जी डाइव्ह करवतात, तिच्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून असतो आणि सगळं सामान त्याचं असतं. त्या अर्ध्या तासाने भारावून रेग्युलेटर घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. आधी ओपन वॉटर हा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करा. त्यावर १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर स्वतंत्र डाइव्ह करता येते. कोर्समध्ये आणि त्यानंतरच्या आठ-दहा डाइव्हमध्ये भाड्याचे वेगवेगळे रेग्युलेटर तोंडात येतात. कुठला जबड्याला जड वाटतो, कुठल्याचे बुडबुडे डोळ्यांसमोर येतात, हे तेवढ्यात आपोआप कळतं.

खरेदीचा माझा क्रम असा: मास्क, मग डाइव्ह कॉम्प्युटर, मग रेग्युलेटर. मास्क चेहऱ्यागणिक बदलतो, म्हणून तो भाड्याने घेणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून सिंहगड चढणं. कॉम्प्युटर तुमच्या आधीच्या डाइव्हचा हिशेब ठेवतो, म्हणून तो दिवसभर एकाच मनगटावर असायला हवा. रेग्युलेटरचं तसं नाही. चांगल्या सेंटरचा भाड्याचा रेग्युलेटर रोज वापरात असतो आणि रोज धुतला जातो, त्यामुळे कपाटात आठ महिने पडलेल्या मालकीच्या रेग्युलेटरपेक्षा तो बहुधा चांगल्या स्थितीत असतो.

आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराला त्यात दोन सहली जमल्या तरी खूप. वर्षाला दहापेक्षा कमी डाइव्ह होत असतील तर भाडंच द्या. सर्व्हिसिंगचा खर्च डाइव्ह किती केल्या त्यावर जसा येतो, तसाच कॅलेंडर उलटलं म्हणूनही येतो.

तोवर एक गोष्ट मात्र लगेच घ्या: स्वतःचा सिलिकॉनचा माऊथपीस. भाड्याच्या रेग्युलेटरवर तो चढवायला दोन मिनिटं लागतात. प्लास्टिकची पट्टी, म्हणजे झिप टाय, नीट आवळली आहे ना हे ओढून बघा. ती सैल असेल तर रेग्युलेटर हातात येतो आणि माऊथपीस तोंडातच राहतो. परक्यांच्या दातांचे ठसे चावायचे नसतील तर एवढ्या पैशात याहून मोठं सुख नाही.

यंत्र करतं काय?

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर आठवा. आतला जास्त दाब तो शेगडीला झेपेल इतका कमी करतो. डायव्हिंगचा रेग्युलेटर त्याच घराण्यातला आहे. १९४३ साली फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर एमिल गान्यां यांनी तो जमवला. त्याआधी गान्यांने युद्धातल्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एक व्हॉल्व्ह तयार केला होता. तोच पुढे पाण्याखाली गेला.

फरक एवढाच की शेगडीला कायम एकच दाब पुरतो आणि डायव्हरला पुरत नाही. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेइतका, दाब वाढतो. पृष्ठभागावर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३ बार. फुप्फुसात हवा यायची तर ती सभोवतालच्या पाण्याच्या दाबाचीच हवी, नाहीतर छाती फुगणारच नाही. म्हणून हे काम दोन टप्प्यांत होतं.

सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो धातूचा गोळा म्हणजे फर्स्ट स्टेज. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळजवळ नव्वदपट. फर्स्ट स्टेज तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो. तिथून नळी तोंडाशी येते ती सेकंड स्टेजला. तिच्यात एक पातळ रबरी पडदा असतो. श्वास घेतला की पडदा आत ओढला जातो, तो एक तरफ दाबतो, तरफ व्हॉल्व्ह उघडते, हवा येते. श्वास थांबला की सगळं जागच्या जागी. सोडलेला श्वास खालच्या एकदिशी पाकळीतून बुडबुडे होऊन निघून जातो.

नवख्यांना एक भीती असते, 'बंद पडला तर?' आजचे बहुतेक सेकंड स्टेज असे बांधलेले असतात की बिघाड झाला तर व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा भसाभसा वाहते. याला फ्री-फ्लो म्हणतात. त्यातूनही घोट घोट श्वास घेत वर येता येतं, कोर्समध्ये ते करूनही घेतात. सिलिंडर मात्र झपाट्याने रिकामा होतो, तेव्हा खाली रेंगाळायचं नाही.

तुमचं पाणी कोणतं?

मालवण, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप ही सगळी कोमट पाण्याची ठिकाणं, साधारण २५ ते ३० अंशांची. इथे डायव्हिंग करणाऱ्याला थंड पाण्याचा खास रेग्युलेटर विकायचा प्रयत्न झाला तर हसून नको म्हणा.

इंग्लंडात किंवा जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींचं गणित वेगळं आहे. लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हसारख्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या बरंच खाली जातं. दाब एकदम उतरला की हवा गार होते, आणि पाणीच मुळात थंड असेल तर फर्स्ट स्टेजवर बर्फ धरून व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात. रेग्युलेटरवर '>१०°' अशी खूण कोरलेली असेल तर तो त्या पाण्यासाठी नाही. तिथे बाहेरच्या पाण्यापासून सीलबंद केलेला फर्स्ट स्टेज घ्या. नातेवाइकांकडे सुटीला गेलात आणि तिथे डाइव्ह करायचं ठरलं, तर आपला मालवणचा रेग्युलेटर बॅगेतच राहू द्या आणि तिथला भाड्याने घ्या.

योक की डिन?

फर्स्ट स्टेज सिलिंडरला दोन प्रकारे जोडतात. योकमध्ये धातूची चौकट व्हॉल्व्हवरून घालून मागचा स्क्रू आवळायचा. डिनमध्ये रेग्युलेटरलाच आटे असतात, ते व्हॉल्व्हमध्ये फिरवत घालायचे. योक २३२ बारपर्यंत चालतो. डिनमध्ये ५ आट्यांचा २०० बारचा आणि ७ आट्यांचा ३०० बारचा असे प्रकार आहेत. आपल्याकडे सर्रास दिसणारा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर २०७ बारचा, म्हणजे दाबाच्या दृष्टीने दोन्ही चालतात.

डिनची जोडणी जास्त भक्कम असते, कारण ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, आत बंदिस्त राहते आणि ती तुमच्या रेग्युलेटरवर, तुमच्या देखरेखीखाली असते. योकमध्ये ती सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असते, आणि भाड्याच्या सिलिंडरवरची ओ-रिंग कधी बदलली ते देवच जाणे. बोटीवर 'फट्' असा आवाज होऊन हवा उडाली की दहापैकी आठ वेळा तीच चिरलेली असते. खिशात चार ओ-रिंग ठेवा. दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी डाइव्ह बुडालेली मी पाहिली आहे.

तरीही पहिला रेग्युलेटर कोणता, तर जिथे जाणार तिथे जो चालतो तो. भारतात आणि आग्नेय आशियात योक कुठेही खपून जातो. युरोपात डिनचा पगडा आहे. बऱ्याच नव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये एक काढता येणारी चकती असते. ती काढली की डिन, बसवली की योक. मी डिन घेतला आणि सोबत योकचा अडॅप्टर ठेवला. त्यात एक तोटा निघाला: अडॅप्टर लावला की फर्स्ट स्टेज मागे सरकतो आणि मान वर केली की डोक्याला लागतो.

पिस्टन, डायफ्रॅम आणि बॅलन्स्ड हा शब्द

इथे विक्रेते फार बोलतात. तुम्ही दोन प्रश्न विचारा.

पहिला: पिस्टन की डायफ्रॅम? पिस्टन प्रकारात हलणारे भाग कमी असतात, मात्र समुद्राचं पाणी थेट स्प्रिंगच्या खोबणीत शिरतं. डायफ्रॅम प्रकारात मध्ये रबरी पडदा असल्यामुळे पाणी, वाळू, मीठ आतल्या यंत्रापर्यंत पोचत नाही. मालवणच्या गढूळ, गाळ उसळणाऱ्या पाण्यात वरचेवर जाणाऱ्याला मी डायफ्रॅम सुचवेन. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्यात मनापासून बुचकळणाऱ्याला पिस्टनही वर्षानुवर्षं साथ देतो.

दुसरा: बॅलन्स्ड आहे का? साध्या, म्हणजे अनबॅलन्स्ड प्रकारात सिलिंडरचा दाब थेट व्हॉल्व्हवर पडतो. त्यामुळे २०० बारला श्वास जितका हलका, तितका ५० बारला राहत नाही. बॅलन्स्डमध्ये ही ढकल दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि शेवटपर्यंत श्वास सारखा येतो. १२ मीटरवर दीडशे बार असताना तुम्हाला दोघांतला फरक ओळखता येणार नाही, मलाही येत नाही. ३० मीटरवर, सिलिंडर उतरलेला असताना, घाबरलेला जोडीदारही तुमच्याच हवेवर आला, की तो फरक छातीला जाणवतो.

उदाहरणं द्यायची तर स्कूबाप्रोचा एमके २ आणि क्रेसीचा एसी २ हे अनबॅलन्स्ड पिस्टन. स्कूबाप्रोचा एमके २५ बॅलन्स्ड पिस्टन, तर एमके १७ बॅलन्स्ड डायफ्रॅम. एपेक्सचा एक्सटीएक्स ५० हाही बॅलन्स्ड डायफ्रॅम. अनबॅलन्स्ड पिस्टनला नावं ठेवू नका. डायव्हिंग शाळा तेच घेतात, कारण ते दणकट असतात, त्यात सुटे भाग मोजके असतात आणि सर्व्हिसिंग स्वस्तात होतं. १८ मीटरच्या आत, कोमट पाण्यात फिरणाऱ्याला त्याहून जास्त काही लागत नाही. पुढे ३० मीटरपर्यंत जाण्याचा विचार पक्का असेल तर मात्र थोडे पैसे साठवून बॅलन्स्डच घ्या.

माहितीपत्रकात श्वासाला लागणाऱ्या श्रमाचा आकडा असतो, ज्यूल प्रति लिटरमध्ये. ईएन २५० ची मर्यादा ३ आहे, तीही ५० मीटरवर आणि मिनिटाला ६२.५ लिटर असा धापा टाकणारा श्वास धरून. नावाजलेल्या कंपन्यांचे रेग्युलेटर या मर्यादेच्या आरामात आत असतात. ०.७ आणि ०.९ मधल्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका.

तोंडातला भाग

सेकंड स्टेज दुकानात कोरडाच तोंडात धरून बघा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. दुकानदार बघत राहील, राहू द्या. पन्नास मिनिटांच्या डाइव्हमध्ये जड किंवा बेढब रेग्युलेटर जबडा दुखवतो, आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. लहान चेहऱ्याच्या माणसांनी तर हे करायलाच हवं.

बाजूला एक छोटी कळ असते. तिला कुणी व्हेंचुरी म्हणतं, कुणी डाइव्ह आणि प्री-डाइव्हची कळ. पाण्यावर असताना ती 'कमी'कडे ठेवायची, म्हणजे रेग्युलेटर तोंडातून सुटून पाण्यात पडला तरी आपोआप वाहू लागत नाही. खाली गेल्यावर 'जास्त'कडे. काहींना श्वासाचा जोर बदलणारा फिरता नॉबही असतो. नवख्यांचा यातच घोटाळा होतो. नॉब नकळत घट्ट फिरवून ठेवतात आणि खाली जाऊन 'हवा येत नाही' अशी खूण करतात. पहिल्या रेग्युलेटरला नॉब नसला तरी अडत नाही.

समोरचं पर्ज बटन, म्हणजे दाबलं की हवा सोडणारं, हातमोज्यातूनही सहज दाबलं जातंय का ते बघा. बुडबुडे बाहेर सोडणाऱ्या मिशा फार आखूड असतील तर ते थेट नजरेसमोर येतात. फोटो काढणाऱ्यांना हे फार खुपतं. बाहेरचं कवच धातूचं की प्लास्टिकचं, यावर आपल्या कोमट पाण्यात वेळ घालवू नका.

ऑक्टोपस, गेज आणि नळ्या

दुकानात लिहिलेली किंमत बहुधा फर्स्ट आणि सेकंड स्टेजचीच असते. त्याला आणखी तीन गोष्टी लागतात: जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज म्हणजे ऑक्टोपस, सिलिंडरमधला दाब दाखवणारा गेज आणि बीसीडी, म्हणजे तरंगणं-बुडणं सांभाळणारं हवेचं जाकीट, फुगवायची नळी. हिशेब कायम पूर्ण सेटचा करा.

ऑक्टोपस पिवळा घ्या, नळीसुद्धा पिवळी. तो हनुवटीपासून खालच्या बरगड्यांपर्यंतच्या त्रिकोणात, एका झटक्यात सुटेल असा अडकवायचा. तो आपल्याला सहसा लागत नाही, म्हणून लोक त्यात पैसे वाचवतात. तो लागतो तेव्हा समोरचा माणूस घाबरलेला असतो, हे लक्षात ठेवून तोही त्याच कंपनीचा घ्या. सर्व्हिसिंगलाही सोपं जातं. युरोपच्या मानकात 'ईएन २५०ए' असं लिहिलेलं असेल तर तो सेट ऑक्टोपसवरच्या दुसऱ्या माणसासह तपासलेला आहे असा त्याचा अर्थ.

गेज साधा काट्याचा, बारमध्ये दाखवणारा पुरतो. कॉम्प्युटरला बिनतारी दाब पाठवणारे ट्रान्समीटर पुढे कधीतरी.

नळ्या रबरी की विणीच्या? विणीच्या हलक्या आणि लवचीक असतात, दिसतातही छान. माझं मत रबराकडे झुकतं, कारण रबर म्हातारं झालं की बाहेरून तडे दिसतात. विणीखालची आतली नळी खराब झाली तरी वरून पत्ता लागत नाही. रबरी नळी घेतलीत तर फर्स्ट स्टेजजवळच्या प्लास्टिकच्या बाह्या अधूनमधून मागे सारून बघा, तडे तिथूनच सुरू होतात. सहसा कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: गेजच्या जास्त दाबाच्या नळीपेक्षा कमी दाबाची नळी फुटली तर सिलिंडर लवकर रिकामा होतो. गेजच्या नळीच्या तोंडाशी मुद्दाम सुईएवढंच छिद्र ठेवलेलं असतं, म्हणून तिच्यातून हवा हळू जाते.

नायट्रॉक्सबद्दल, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेबद्दल, थोडक्यात: ४० टक्क्यांपर्यंतच्या ऑक्सिजनसाठी बहुतेक कंपन्या नेहमीचा रेग्युलेटर चालवून घेतात, पण पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे ना ते वाचा. टायटॅनियमचा घेणार असाल तर ४० टक्क्यांच्या वर त्याच्या वाटेला जाऊ नका. भरपूर ऑक्सिजनमध्ये हा धातू पेट घेऊ शकतो.

आता मेकॅनिक

रेग्युलेटर हे दर वर्षी किंवा दोन वर्षांनी पूर्ण उघडायचं यंत्र आहे. काही कंपन्या वर्षाची मुदत देतात, काही दोन वर्षं किंवा १०० डाइव्ह, यातलं जे आधी येईल ते. उघडून भाग धुतात, ओ-रिंग आणि व्हॉल्व्हच्या गाद्या बदलतात, पुन्हा जुळवून दाब मोजतात. ज्या कंपनीचा रेग्युलेटर, त्या कंपनीचं सुट्या भागांचं किट आणि त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, अशी तिन्हीची मोट बांधावी लागते. आपल्या देशात असे लोक थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत किंवा डायव्हिंगच्या गावांत आहेत.

म्हणून पैसे देण्याआधी तुमच्या नेहमीच्या सेंटरला फोन करा आणि विचारा: तुमच्या स्वतःच्या भाड्याच्या रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग कोण करतं? हा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. वीस-तीस सेट रोज पाण्यात घालणारा माणूस कामचुकार मेकॅनिककडे दुसऱ्यांदा जात नाही. मग त्या मेकॅनिकला फोन लावा. कोणत्या कंपन्यांचं किट त्याच्याकडे या घडीला आहे, 'मागवून देतो' असं नव्हे तर कपाटात आहे, ते विचारा. किती दिवस लागतात, पावसाळ्यात गर्दी किती असते, एका पूर्ण सेटचा खर्च किती, हेही. त्याने दोन-तीन नावं सांगितली की तुमची यादी तयार झाली. उरलेली निवड तुमच्या जबड्याची आणि खिशाची.

काम झाल्यावर त्याच्याकडून दोन गोष्टी मागा. बदललेले जुने भाग एका पिशवीत, आणि कार्डावर लिहिलेला मधल्या दाबाचा, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून नळीत येणाऱ्या दाबाचा, आकडा. आकडा लिहून देताना कां-कूं करणाऱ्याकडे गेज आहे का, अशी शंका घ्यायला हरकत नाही. हा दाब स्थिर राहायला हवा. मिनिटागणिक तो हळूहळू चढत असेल तर गादी नीट बसलेली नाही आणि थोड्या दिवसांत माझ्यासारखी फुसफुस ऐकू येणार.

परदेशातून स्वस्त पडतो म्हणून मागवायला माझी हरकत नाही. मात्र वरच्या यादीतलं नाव असेल तरच. काही कंपन्यांची वॉरंटी अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच लागू होते, तेही आधी वाचून घ्या.

जुना घेताय?

घ्या, पण किमतीत पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच घासाघीस करा. विकणारा 'परवाच सर्व्हिस केलाय' म्हणाला आणि कार्ड नाही, तर केलेलं नाही असंच समजा. मॉडेलचं नाव मेकॅनिकला कळवून भाग अजून मिळतात का ते आधी विचारा.

मग टोपण काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडातली जाळी बघा. ती स्वच्छ धातूच्या रंगाची हवी. हिरवट असेल तर आत खारं पाणी शिरून पितळ गंजलं आहे. तांबूस भुकटी म्हणजे कुठल्या तरी पोलादी सिलिंडरचा गंज. काळी असेल तर कंप्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा आत आला असणार. हिरवी जाळी पाहिली की मी नमस्कार करून निघतो.

पाण्यात उतरण्याआधी

टोपण लावलेलं, हवा जोडलेली नाही, अशा स्थितीत सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. अजिबात हवा येता कामा नये. आली तर पडदा किंवा बुडबुड्यांची पाकळी कुठेतरी फटीत आहे, आणि खाली तिथून पाणी येईल. ऑक्टोपसलाही हेच.

मग सिलिंडरला जोडा, गेजची काच स्वतःकडून आणि इतरांकडून दुसरीकडे वळवा आणि व्हॉल्व्ह सावकाश, पूर्ण उघडा. गेजकडे बघत तीन-चार मोठे श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे. पृष्ठभागावर ते चालून जातं, २० मीटरवर नाही. तिथे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते. हवेचा वासही घेऊन बघा, तेलाचा वास आला तर तो सिलिंडर परत करा. शेवटी सगळा सेट बादलीत किंवा पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात का ते पाहा.

नवा रेग्युलेटर थेट अंदमानच्या बोटीवर उद्घाटन करायला नेऊ नका. आधी स्विमिंग पूलमध्ये तासभर वापरा. विमानात तो मी हाताच्या बॅगेत ठेवतो. तपासणीत बहुतेक वेळा बॅग उघडायला सांगतात, त्यामुळे तो वरच ठेवलेला बरा.

घरी आल्यावर

हवा काढल्यावर टोपण कोरडं करून लगेच लावा. पाणी लागलेलं टोपण तसंच दाबणं म्हणजे खारं पाणी स्वतःच्या हाताने फर्स्ट स्टेजमध्ये भरणं. मग गोड्या पाण्यात किमान अर्धा तास भिजत ठेवा. या वेळी पर्ज बटन दाबायचं नाही. हवा जोडलेली नसताना ते दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी नळीतून आत जातं. नॉब असेल तर तो भिजवताना घट्ट करून ठेवा, वाळल्यावर मात्र सैल. तेल, ग्रीस, गंज काढायचे फवारे यातलं काहीही घरी मारायचं नाही.

सावलीत टांगून वाळवा. खिळ्यावर नळी मुडपली जाईल असं नको, फर्स्ट स्टेजला आधार देऊन. पूर्ण वाळल्यावर सैल वेटोळं करून जाळीच्या पिशवीत. कोकणात किंवा मुंबईत घर असेल तर माऊथपीसच्या तोंडाला काहीतरी बांधा. झुरळाला अंधारी, दमट, किंचित खारट जागा फार आवडते, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

सर्व्हिसिंगसाठी जूनमध्येच पाठवा. समुद्र बंद असतो, मेकॅनिकलाही घाई नसते आणि ऑक्टोबरपर्यंत सेट घरी येतो. सप्टेंबरच्या शेवटी पाठवणाऱ्यांची रांग मोठी असते. परत आल्यावर पहिली बुडी पुन्हा पूलमध्येच मारायची, कारण नव्याने जुळवलेल्या यंत्रातली बारीक गळती दिसायची तर ती पहिल्या तासाभरातच दिसते, आणि पूलपासून मेकॅनिक एका फोनवर असतो.